फेअरिंग एका रविवारात उतरतं, गाडी मात्र रविवारात उभी राहत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : १९८४ची होंडा गोल्डविंग जीएल १२०० इंटरस्टेट ही मोटरसायकल तुमच्या हाती आली आहे. इंजिन ठणठणीत आहे. पण फेअरिंगला (वारा अडवणाऱ्या पुढच्या प्लास्टिकच्या कवचाला) दोन ठिकाणी तडे गेलेत, टॉपबॉक्सचं झाकण नीट बसत नाही, आणि लांबच्या फेऱ्या तुम्ही आता फारशा मारत नाही. म्हणून फेअरिंग, दोन्ही साइडबॉक्स आणि टॉपबॉक्स काढून गोल हेडलाइटची साधी, उघडी गाडी करायची आहे. हे एका रविवारी होईल का, आणि नंतर चालवताना काही बिघडेल का, असं तुम्ही विचारलंय.

काढणं एका रविवारी होतं. पाना चालवायची सवय असेल तर दुपारच्या जेवणापर्यंतही होतं. पण तीच गाडी दिव्यासकट, मीटरसकट पुन्हा रस्त्यावर यायला माझ्या अनुभवात तीन-चार रविवार जातात, आणि एखादा भाग मिळाला नाही तर महिनाही जातो. अर्धवट खोललेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्यात. फेअरिंग कोपऱ्यात, बोल्ट डब्यात, पुढून बोटभर जाडीच्या वायरींचा गुच्छ लोंबतोय आणि मालक वर्षभर ‘करू, करू’ म्हणतोय.

याचं कारण असं की फेअरिंग म्हणजे कोटासारखं, अंगातून काढलं आणि खुंटीला टांगलं, अशी आपली समजूत असते. खरं तर जुन्या टूरिंग गाडीवर ती घराची भिंत असते. हेडलाइट, मीटर, पुढचे इंडिकेटर, इशाऱ्याचे दिवे, कुठे हॉर्न, कुठे रिले, अशी सगळी बिऱ्हाडं त्या भिंतीला टेकून बसलेली असतात. भिंत पाडायच्या आधी त्यांची दुसरीकडे सोय लावावी लागते. तुमचा खरा प्रश्न ‘काढू कसं’ हा नाहीच. ‘काढल्यावर या सगळ्यांना ठेवू कुठे’ हा आहे.

यातलं बरंच गाडीवर अवलंबून असतं, म्हणून आधी गाड्यांबद्दल बोलू. पहिल्या प्रकारात मुळात उघडी विकली गेलेली आणि नंतर कोणीतरी वरून फेअरिंग चढवलेली गाडी येते. १९७५ची मूळ गोल्डविंग, जीएल १०००, अशीच होती. होंडाने ती फेअरिंगशिवाय विकली. मग लोकांनी क्रेग व्हेटर यांचं विंडजॅमर नावाचं फेअरिंग किंवा तसलंच काही बाजारातून आणून बसवलं. अशा गाडीवर तुम्ही नशीबवान. फेअरिंग उतरलं की आतून मूळ गाडीच बाहेर येते. मात्र मूळ हेडलाइट आणि त्याचे कान (त्याला दोन्ही बाजूंनी धरणारे ब्रॅकेट) मालकाने जपून ठेवलेले असले पाहिजेत. बहुतेकांनी ठेवलेले नसतात.

दुसऱ्या प्रकारातल्या गाडीला कारखान्यातूनच फेअरिंग बसून येतं, पण तिची एक उघडी सख्खी बहीणही त्याच वेळी विक्रीला असते. १९८०ची जीएल ११०० साधीही मिळायची आणि इंटरस्टेट या नावाने फेअरिंग-डब्यांसकटही. बीएमडब्ल्यूची के १००आरटी आणि साधी के १०० यांचंही तेच. इथे काम सरळ असतं, कारण बहिणीचे भाग थेट बसतात. तुमची गाडी याच गटात, पण अगदी काठावर आहे. जीएल १२०० साधी अशीही निघाली होती, पण ती १९८४चीच. पुढे होंडाने ती यादीतून काढली. त्यामुळे भाग आहेत, पण कमी आहेत, आणि त्यांच्या मागावर असलेले तुम्ही एकटे नाही.

तिसऱ्या प्रकारातली गाडी कागदावरच फेअरिंगसकट काढलेली असते. १९८८ची जीएल १५०० घ्या. सहा सिलिंडर, १५२० सीसी, स्टार्टर मोटरवर मागे सरकणारी. तिचं प्लास्टिक काढलं की आतून ब्रॅकेट, नळ्या, पत्र्याच्या पट्ट्या, डबडी असं काहीबाही दिसतं. ते कोणाला दिसेल असं कोणी गृहीतच धरलेलं नव्हतं. ‘व्हाल्किरी पण त्याच इंजिनाची उघडी गाडीच आहे की’ असं लोक सांगतात. इंजिन त्याच घराण्यातलं, हे खरं. पण व्हाल्किरीसाठी होंडाने भोवतालची गाडी वेगळी रचली होती. जीएल १५०० उघडी करायला कोणी आलं तर मी सरळ नाही म्हणतो. एकदा हो म्हटलं होतं. सात महिने गेले, आणि शेवटी जे उभं राहिलं ते मला आवडलं नाही आणि मालकालाही नाही.

आता तुम्ही हे का करताय, त्याकडे येऊ. ‘तडे गेलेत’ हे कारण मला पुरेसं वाटत नाही. एबीएस प्लास्टिकचे तडे आतून जाळी लावून, त्याच प्लास्टिकचा चुरा विरघळवून भरता येतात, आणि ते काम उघडी गाडी करण्याच्या चौथाई मेहनतीत होतं. ‘गाडी जड वाटते’ हे कारण असेल तर आकडा समजून घ्या. फेअरिंग आणि तिन्ही डबे मिळून ढोबळ मानाने ३५-४० किलो उतरतात. गाडी त्यानंतरही पावणेतीनशे किलोच्या घरात राहते. उभी करताना, वळवताना, गॅरेजातून मागे ढकलताना फरक जाणवतो, नाही असं नाही, कारण उतरलेलं वजन उंचावरचं असतं. गोल्डविंगचं बाकी सगळं वजन खाली आहे. आडवं इंजिन आणि सीटखालची पेट्रोलची टाकी हीच तिची खुबी. (हँडलमागे टाकीसारखं दिसतं ते टाकी नाहीच. पहिल्या जीएल १०००मध्ये तर त्या खोट्या टाकीत किक मारायचा दांडा ठेवलेला असायचा.) पण तीनशे किलोची गाडी सांभाळवत नाही म्हणून प्लास्टिक काढणाऱ्याला पावणेतीनशे किलोचीही सांभाळवत नाही. तसं असेल तर दुसरी गाडी बघा.

आणि ‘मला ती तशी आवडते’ असं कारण असेल, तर ते सगळ्यात भक्कम. त्याच्यावर वाद नाही.

कारण कोणतंही असो, माझा आग्रह एकच : दोन टप्प्यांत करा. आधी फक्त डबे काढा. टॉपबॉक्स आणि साइडबॉक्स. फेअरिंगला हात लावू नका. मग नेहमीच्या रस्त्यांवर दोन-तीन आठवडे गाडी चालवा.

यामागचा विचार असा. टॉपबॉक्स हा गाडीवरचा सगळ्यात वाईट जागी ठेवलेला भार. तो उंचावर असतो आणि मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लटकतो. त्यात दहा किलो टाकले की तरफेसारखं पुढचं चाक हलकं होतं. जास्त वेगाला हँडल मंदपणे डावी-उजवीकडे डोलायला लागतं, त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं. नाकापेक्षा मोती जड, तसा प्रकार. तो एकटा काढला तरी ‘गाडी हलकी झाली’ असं माणूस म्हणतो. माझ्याकडे आलेल्यांपैकी निम्मे जण या पहिल्या टप्प्यावरच थांबले. त्यांना हवा असलेला बदल त्यात मिळून गेला होता, आणि फेअरिंगचा वारा अडवायचा फायदाही हातचा गेला नाही.

डबे काढताना मागच्या दिव्यांचा प्रश्न लगेच उभा राहतो, हे ध्यानात ठेवा. इंटरस्टेटसारख्या गाड्यांवर मागचे दिवे बरेचसे डब्यांवरच असतात. डबे निघाले की ब्रेकलाइट, टेललाइट, इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा यांतलं काहीतरी हमखास निघून जातं. मडगार्डवर बसणारा दिवा आधी आणून ठेवा, मगच डब्यांचे बोल्ट सोडा. आणखी एक लहानसं. जुना फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा स्विच) बल्बांच्या भारावर टिकटिक करतो. मागचे बल्ब कमी केलेत किंवा एलईडी लावलेत तर इंडिकेटर भराभर लपलपतो, नाहीतर नुसता पेटून राहतो. दिवे बिघडलेले नसतात. भार न मोजणारा इलेक्ट्रॉनिक रिले बसवला की झालं, मात्र त्याच्या पिना जुन्याशी जुळतात का ते बघा.

आता वाऱ्याचं. हे लोक ऐकून घेतात, पण मनावर घेत नाहीत. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरला जी सुखद झुळूक वाटते, ती १०० ला सरळ बसलेल्या माणसाच्या छातीवर साधारण २० किलोच्या वजनाइतकी दाबते. तो रेटा तुमचे दंड आणि मान झेलतात. गोल्डविंगवर बसायची पद्धत ताठ, पाय पुढे, हँडल मागे वळलेलं. फेअरिंगच्या आड ही बैठक आरामखुर्ची असते, उघड्यावर तीच शिडासारखी होते. शहरात, ताशी ६०-७० पर्यंत, काहीही फरक पडत नाही, उलट मोकळं वाटतं. तुम्ही लांब जात नाही म्हणता, तेव्हा कदाचित तुम्हाला हे चालेल. पण वर्षातून दोनदा का होईना महामार्गावर तीन-तीन तास काढत असाल, तर त्या दोन फेऱ्यांसाठी काय करणार हे आधी ठरवा.

‘मग हँडलला एक मोठी काच लावतो’ हे उत्तर मला पसंत नाही. तुमचं मूळ फेअरिंग चासीला पकडलेलं आहे. वारा त्याला ढकलतो तेव्हा रेटा चासीवर जातो, हँडलला कळतही नाही. हँडलवर किंवा फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवर) बसवलेली मोठी काच वाऱ्याचा प्रत्येक धक्का थेट स्टिअरिंगला देते. बाजूने ट्रक गेला की गाडी हलते. लावायचीच तर छातीपुरती लहान लावा.

इथवर वाचून अजूनही फेअरिंग काढायचंच असेल, तर पाना उचलण्याआधी समोर हे भाग आणून ठेवलेले असू द्या : हेडलाइट त्याच्या वाटीसकट, फोर्क पाइपला पकडणारे त्याचे दोन कान, मीटर आणि त्याचा ब्रॅकेट, पुढचे इंडिकेटर, स्पीडोमीटरची योग्य लांबीची केबल. फोर्क पाइपचा व्यास व्हर्नियरने मोजा, तोही दोन्ही टींच्या (फोर्क धरणाऱ्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांच्या) मध्ये, जिथे कान बसणार तिथेच. डोळ्यांच्या अंदाजाने आणलेले कान एक तर चढत नाहीत, नाहीतर रबराची पट्टी गुंडाळून बसवावे लागतात आणि खड्ड्यात हेडलाइट मान टाकतो.

मीटरबाबत तुमचं बरं आहे, इंटरस्टेटला काट्याची मीटर आहेत. ॲस्पनकेडवाल्यांना (ती याच जीएल १२००ची वरच्या दर्जाची आवृत्ती) डिजिटल पडद्याचा भला मोठा संच सांभाळावा लागतो, आणि तो गोल हेडलाइटच्या वर भिंतीवरच्या घड्याळासारखा दिसतो. एखादं गोंडस, लहान एकच मीटर बसवायचा मोह होईल. बसवा, पण तापमानाचा काटा आणि ऑइलच्या दाबाचा दिवा सोडू नका. ही पाण्यावर थंड होणारी गाडी आहे. पंखा बंद पडल्याचं तुम्हाला त्या काट्याशिवाय दुसरं कोणी सांगणार नाही.

आता प्रत्यक्ष खोलणं. हे काम गाडी सेंटर स्टँडवर घेऊन करतात, आणि इथेच एक गंमत आहे. सेंटर स्टँडवर गाडी तराजूसारखी टेकलेली असते. डबे आधीच निघालेत, म्हणजे मागचं वजन गेलंय. आता फेअरिंग उतरेल तसं पुढचं जाईल. वजन इकडून तिकडे सरकताना गाडी एकदम मागच्या चाकावर बसू शकते. मोठा धक्का नसतो, पण त्या क्षणी तुमच्या हातात फेअरिंग असतं. इंजिनाखाली पुढच्या बाजूला लाकडाचा ठोकळा सरकवून ठेवा आणि मागेही एक असू द्या.

प्लास्टिक चाळीस वर्षांचं आहे. थंडीत खोलू नका. उन्हात तासभर उभी करा, मग पॅनल लवतात. पॅनलच्या आतल्या खुंट्या रबरी ग्रोमेटमध्ये (भोकातल्या कड्यांमध्ये) घुसलेल्या असतात. त्या सरळ बाहेर ओढायच्या, तिरक्या ओढल्या की मोडतात. ग्रोमेटवर साबणाचं पाणी सोडा. कुठलंही पॅनल जोर मागत असेल तर तुमचा एक स्क्रू राहिलाय असं समजा. नव्वद टक्के वेळा राहिलेलाच असतो.

जपानी गाड्यांच्या फुलीच्या स्क्रूंवर बारीक ठिपका दिसला, तर तो जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचा स्क्रू. नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात पूर्ण बसत नाही. जोर लावला की वर उचलला जातो आणि फुली गुळगुळीत करतो. जेआयएसचा पेचकस वेगळा मिळतो, एकदाच घ्या. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनिअममध्ये असेल तिथे आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. आटे गेले तर तो रविवार त्या एका भोकातच जातो.

बोल्ट कुठले कुठे यासाठी माझी जुनी पद्धत सांगतो. खोक्याचा मोठा पुठ्ठा घेतो, त्यावर फेअरिंगचं चित्र काढतो, चित्र म्हणजे लहान पोराने काढावं तसं, आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथे भोक पाडून त्यात खोचतो. वॉशर, बुश सगळं त्याच्याच अंगावर ठेवून. डावीकडचा लांब बोल्ट उजवीकडे गेला आणि आत वायरीत घुसला, असलं काही मग होत नाही. परत जोडताना प्लास्टिकच्या आसपास थ्रेडलॉकचा (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायच्या गोंदाचा) थेंबही नको. एबीएस आणि फेअरिंगची पारदर्शक काच (तीही प्लास्टिकचीच), दोन्हींना त्याने बारीक तडे जातात.

फेअरिंगचा सांगाडा सुटतो तेव्हा दोघे हवेत. एकाने समोरून धरायचं, दुसऱ्याने आत हात घालून शेवटचे कपलर (वायरींचे जोड) सोडायचे. कपलर वायर धरून ओढायचा नाही, त्याची जीभ दाबून डोकं धरून ओढायचा. सोडण्याआधी प्रत्येक जोडीला एकाच आकड्याची चिकटपट्टी दोन्ही बाजूंना लावा आणि फोटो काढा.

आता वायरिंग, म्हणजे ज्यासाठी तीन-चार रविवार लागतात म्हणालो ते काम. मी पहिली गाडी उघडी केली तेव्हा मुख्य हार्नेसमधल्या (गाडीच्या वायरींच्या मूळ जुडग्यातल्या) ‘नको असलेल्या’ वायरी पक्कडने तोडल्या. रेडिओच्या, घड्याळाच्या, फेअरिंगमधल्या खणाच्या दिव्याच्या. गाडी सुंदर दिसली. मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद व्हायला लागले. पावसात हॉर्न वाजवला की हेडलाइट फडफडायचा. सहा महिने मी स्विच बदलत बसलो. शेवटी कळलं की मी तोडलेल्या वायरींत एक अर्थची (अर्थिंगची, म्हणजे वीज परत नेणारी) होती. ती रेडिओपाशी जाऊन तशीच पुढे मीटर आणि इंडिकेटरकडे जात होती. प्लास्टिकच्या फेअरिंगला स्वतःची अर्थ नसते. तिथला प्रत्येक दिवा वायरीनेच चासीकडे परत येतो, आणि हा परतीचा रस्ता पुष्कळदा दुसऱ्याच्या अंगणातून जातो.

तेव्हापासून नियम केला : काहीही तोडायचं नाही. वापरात नसलेला कपलर बंद करायचा, टोकाला उष्णतेने आकसणारी नळी चढवायची, वायर गुंडाळायची आणि खोट्या टाकीखाली नेऊन बांधायची. आत जागा भरपूर आहे. जे कपलर हेडलाइटकडे जातात, त्यांच्यासाठी नवीन जोडणी करताना मूळ कपलरला बसणारा दुसरा अर्धा आणून त्याच्यापुढे वायर वाढवायची. म्हणजे उद्या फेअरिंग परत चढवायचं म्हटलं तर टकटक लावून मोकळं. हेडलाइटच्या वाटीत किती जोड कोंबता येतील याला मर्यादा आहे, म्हणून खोल वाटी निवडा. नवीन हेडलाइट, मीटर आणि इंडिकेटर यांची अर्थ एकत्र करून एकच जाड वायर चासीवरच्या घासून स्वच्छ केलेल्या बोल्टला न्या.

गुच्छ बांधून झाल्यावर हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, दहा वेळा. कोणती वायर ताणली जाते, कोणती स्टिअरिंगच्या थांब्यात चिमटते, ते बोट लावून बघा. फेअरिंगमधल्या वायरी हँडलबरोबर वळत नव्हत्या, तिथे स्थिर होत्या. आता हेडलाइट फोर्कवर आला, म्हणजे तो प्रत्येक वळणाला वळणार आणि वायरीही. हा फरक विसरल्यामुळे दोन वर्षांनी आतल्या आत तुटलेल्या वायरी मी पाहिल्यात. वरून आवरण शाबूत, आत तांबं तुटलेलं.

गाडी अशी उघडी असताना दोन कामं करून घ्याच. ती तुमच्या प्रश्नात नव्हती, पण जीएल १२०० म्हटल्यावर सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक, स्टेटरकडून (इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या भागाकडून) येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर. तो तपकिरी पडलेला, वितळलेला सापडला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. या गाडीचं ते प्रसिद्ध दुखणं आहे. कपलर काढून तिन्ही वायरी नीट सोल्डर करून टाका. तिथली उष्णता वाढत गेली आणि स्टेटर जळला, तर तो इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे आणि त्यासाठी इंजिन चासीतून उतरवावं लागतं. दोन, टायमिंग बेल्ट. ते पुढे, रेडिएटरच्या मागे आहेत. शेवटचे कधी बदलले याचा कागद नसेल तर ते बदललेले नाहीत असंच धरा. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला भेटतो, आणि तेवढ्यात ‘इंजिन ठणठणीत’ हे वाक्य संपतं. रेडिएटरपर्यंत पोचायला एरवी जेवढं खोलावं लागतं, तेवढं तुम्ही आत्ता खोललेलंच आहे.

रेडिएटर आता खडी आणि चिखलाच्या समोर उघडा येतो, त्याला जाळी लावा. फेअरिंगच्या आडोशाने आजवर कोरडे राहिलेले कपलर, स्पार्क प्लगच्या टोप्या, हॉर्न, यांनाही आता पाऊस लागणार. टोप्यांची रबरं कडक झाली असतील तर पहिल्याच पावसात एखादं सिलिंडर रुसतं.

‘चालवताना बिघडेल का’ याचं उत्तर बरंचसं सस्पेन्शनमध्ये आहे. पुढचे-मागचे शॉकअप ज्या वजनासाठी लावलेले होते ते वजन गेलं. गाडी वर उचलली जाते. पुढचं आणि मागचं सारखंच उचललं गेलं तर ठीक, पण तसं क्वचित होतं. पुढचं जास्त उचललं गेलं तर स्टिअरिंग आळशी होतं, मागचं जास्त उचललं गेलं तर उतावळं. अनेकजण ‘उघडी केल्यावर गाडी चंचल झाली’ म्हणतात आणि कोनसेटला (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगला) दोष देतात. कोनसेट तपासा जरूर, पण आधी हे मोजा. फोर्क पाइपवर, सीलच्या लगत एक प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधा. गाडी दोघांनी उचलून फोर्क पूर्ण लांबवा, टाय सीलपर्यंत खाली सरकवा. मग तुम्ही हेल्मेट-जाकिटासह हलकेच बसा, दुसऱ्याने गाडी सरळ धरायची. हलकेच उतरा आणि टाय किती वर सरकली ते मोजा. फोर्कच्या एकूण हालचालीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकं अंतर असेल तर बरोबर. त्याहून कमी असेल तर फोर्कमधली हवा थोडी कमी करा. जीएलच्या फोर्कमध्ये स्प्रिंगच्या जोडीला हवा असते, त्यामुळे हे काम सोपं आहे. मागेही तसंच. डब्यांसाठी भरून ठेवलेली हवा आता नको.

एक बारीक गोष्ट यातून निघते. गाडी उंचावली की साइड स्टँडवर ती पूर्वीपेक्षा जास्त कलते. उतारावर उभी करताना पहिले काही दिवस जपून.

काढलेलं प्लास्टिक फेकू नका. तडे गेलेलं असलं तरी. जुन्या चादरीत गुंडाळून उभं ठेवा, त्याच्यावर काही रचू नका, पुठ्ठ्यावर खोचलेले बोल्टही त्याच्याबरोबर. पुढचा मालक फेअरिंगसकट गाडी मागणारा निघू शकतो. तुमचं स्वतःचंही मन दोन हिवाळ्यांनंतर फिरू शकतं. माझ्याकडच्या तिघांनी परत चढवून घेतलंय, आणि तिघांपैकी एकाचंच काम दुपारभरात झालं, कारण त्याच्या वायरी तोडलेल्या नव्हत्या. गाडीच्या कागदांवर आणि विम्यावर या बदलाचा काही परिणाम होतो का, ते तुमच्या इथल्या नियमांप्रमाणे आधीच विचारून घ्या. त्यात माझं मत कामाचं नाही.

सगळं जोडून झालं की पहिली फेरी दिवसा, शहरातच, अर्ध्या तासाची. परत आल्यावर इंजिन गरम असतानाच कानांचे, मीटरच्या ब्रॅकेटचे, मडगार्डच्या दिव्याचे बोल्ट पुन्हा आवळा. नवीन बसवलेल्या रबरांवर ते पहिल्या फेरीत बसतात आणि सैल पडतात. मग संध्याकाळी भिंतीसमोर दहा मीटरवर गाडी उभी करा, तुम्ही सीटवर बसलेले, आणि लो बीमची वरची कड हेडलाइटच्या मध्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली येईपर्यंत वाटी वाकवा. हवा कमी-जास्त केलीत की हे पुन्हा करावं लागेल, म्हणून वाटीचा बोल्ट त्या दिवशी शेवटचा आवळायचा.